म्हाळसेच्या माहेरी संक्रांत

पौषात डोहाळजेवण करत नाहीत, हे आजींनी फोनवरच बजावलं होतं. "संक्रांतीला या, हुरडा खा, दोन दिवस राहा. पण फुलांची वाडी, झोपाळा, पेढा-बर्फीच्या वाट्या असलं काही पौषात नको. माघ लागला की करा तुमचं तिकडं पुण्यात." नेवाशाजवळच्या मळ्यात राहणाऱ्या मैत्रिणीनं सासूबाईंचा हा निरोप जसाच्या तसा पुण्याला पोचवला आणि खाली आपलं एक वाक्य जोडलं, "डोहाळजेवण म्हणायचं नाही एवढंच. बाकी सगळं करू."

म्हणून भोगीच्या सकाळी चौघांची गाडी पुण्याहून निघाली. पहिलटकरीण, तिचा नवरा, तिची कॉलेजातली एक मैत्रीण आणि डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेला एक मित्र. पाचवी मैत्रीण मळ्यात वाट पाहत होती. एकाच वसतिगृहाच्या आणि एकाच कॅन्टीनच्या आधारानं वाढलेली ही मंडळी दर वर्षी एक सण एकत्र करतात. यंदाच्या सणाला एक माणूस जास्त होतं, अजून न दिसणारं.

तिला चोविसावा आठवडा लागला होता. प्रवासासाठी हेच दिवस बरे. पहिल्या तीन महिन्यांतल्या ओकाऱ्या आणि गळाठा मागे पडलेला असतो, आणि शेवटच्या महिन्यांतलं जडपण अजून आलेलं नसतं. डॉक्टरांनी तपासून होकार दिला होता, तीन गोष्टी सांगून. दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावलं चालायचं, पाणी पीत राहायचं, आणि गाडीचा पट्टा लावायचाच. पट्ट्याबद्दल तिचा आधी गैरसमज होता. पोटावर दाब नको म्हणून ती तो सोडूनच बसायची. खरी रीत अशी, की खालचा भाग पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून घ्यायचा आणि वरचा भाग छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं न्यायचा. पट्टा न लावल्यानं आई आणि बाळ दोघांनाही असलेला धोका, पट्ट्याच्या अडचणीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तपासण्यांची फाइल पिशवीत सगळ्यात वर ठेवलेली होती.

पुण्याहून नगर १२० किलोमीटर, आणि तिथून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं नेवासा आणखी साठेक. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, पण चहाच्या टपरीवर अजून "नगरला चाललात का?" असंच विचारतात. रांजणगाव आणि शिरूर मागे टाकून गाडी नगरच्या बाहेर पडली, इमामपूरचा छोटा घाट उतरला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग पालटला. शाळूची कणसं भरत आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, आणि पाण्याच्या कृपेनं उभा राहिलेला ऊस. घोडेगावला कांद्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रक उभे होते. म्हशींच्या बाजारासाठी आणि कांद्यासाठी हे गाव लांबवर ओळखलं जातं. शनिशिंगणापूरला जाणारा फाटाही इथलाच. गर्दी नको म्हणून तिकडं कुणी वळलं नाही.

घोडेगाव सोडल्यावर मात्र गाडीचा वेग आपोआप कमी झाला. उसाच्या टायरगाड्यांची रांग लागली होती. बैलांच्या माना जुवाखाली ताणलेल्या, गाडीवर दोन माणसं उंच होईल एवढा ऊस, आणि त्यावर कडेवरच्या पोरासकट बसलेली बाई. गळीत हंगाम ऐन भरात होता. नेवासा तालुक्यात भेंड्याला ज्ञानेश्वर आणि सोनईला मुळा असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. ज्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी देशातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, तो हाच.

वडाळा बहिरोबा आलं तेव्हा डेक्कन कॉलेजच्या मित्रानं गाडी थांबवायला सांगितली. चार पावलं चालायची वेळ झालीच होती. गाव रस्त्यावरचं, सहज मागे पडणारं. पण बाळाची वाट पाहणाऱ्या कुणीही इथं क्षणभर थांबावं असं या गावाच्या नावाशी काहीतरी जोडलेलं आहे. इथल्या मिशनच्या दवाखान्यात १९६०च्या दशकात रजनीकांत आणि मेबल आरोळे हे तरुण डॉक्टर दांपत्य काम करत होतं. दिवसरात्र रुग्ण तपासताना त्यांच्या लक्षात आलं की, दारात येणारे बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते. दवाखान्यात बसून ते थांबणार नाहीत, त्यासाठी गावात जायला हवं. दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये याच जिल्ह्यातल्या जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

जामखेडचं काम मोठं का, तर त्यांनी भरवसा ठेवला तो गावातल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायांवर. दलित, विधवा, टाकलेल्या अशा बायांना त्यांनी गरोदरपणाची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी, लसी आणि वरचा आहार शिकवला. प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या काही दशकांत हा आकडा पंचविसाच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगाव गुलाबी साडीत फिरणाऱ्या आशाताई २००५ नंतर आल्या. त्याच्या कितीतरी आधी जामखेडच्या बाया तेच काम करत होत्या.

ती रस्त्याकडेला येरझारा घालत हे ऐकत होती. हजारात १७६ म्हणजे सहा पाळण्यांमागे एक रिकामा. तिनं हिशेब केला आणि मोठ्यानं बोलली नाही.

मळा प्रवरेपासून फार लांब नाही. कालव्याच्या कडेनं आत गेलं की विहीर, विहिरीवर बोरीचं जुनं झाड, गोठा आणि पुढं पडवी. आजी पडवीत उभ्या होत्या. त्यांनी आधी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग पायांवर पाणी घातलं, मग तिच्या हनुवटीला हात लावून नीट न्याहाळलं. "उतरलीस गं पोरी. जेवतीस का नीट?" आणि नवऱ्याकडे वळून, "तुम्ही काय बघता हो? तिला खालच्या पायरीवर नका बसवू, वर पाट ठेवलाय."

भोगीची रात्र म्हणजे भाजीची रात्र. हरभऱ्याचे सोलाणे, ताजे वाटाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, शेंगदाणे, बोरं, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारं तिळाचं कूट. या भाजीला महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी लेकुरवाळी भाजी म्हणतात. एका कढईत इतकी लेकरं नांदतात म्हणून. आजींनी ताटात पहिली वाढ तिला केली आणि भाकरी मोडून हातात दिली. बाजरीची, वर तीळ थापलेली, चुलीवरची. "डोहाळजेवण नाही हे," त्या म्हणाल्या, "भोगी हाय. भोगीला लेकुरवाळी भाजी सगळेच खातात."

तिळाबद्दल तिला पुण्यात दोघी-तिघींनी अडवलं होतं. उष्ण असतो, गरोदरपणी नको. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. तिळात कॅल्शियम भरपूर असतं, लोहही असतं. जेवणात असतो तेवढा तीळ चालतो, फक्त लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या एका वेळी घ्यायच्या नाहीत, कारण कॅल्शियममुळं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. आजींना हे सांगितल्यावर त्यांनी विचार केला आणि एक लाडू पुढं सरकवला. त्यांच्या काळी लोहाची गोळी नव्हती, लोखंडी कढई होती.

संक्रांतीची सकाळ सुगडांनी उजाडली. कुंभारानं आणून दिलेली काळी-तांबडी सुगडं आजींनी धुऊन, हळद-कुंकवाची बोटं ओढून पाटावर मांडली. त्यांत ऊस, बोरं, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ. तिनं काळी चंद्रकळा नेसली होती. एरवी शुभकार्याला वर्ज्य असलेला काळा रंग या एका सणाला मानाचा, थंडीत ऊन धरून ठेवणारा. डोहाळजेवणाला हिरवी साडी लागते. आजींनी त्यावर तोड काढली आणि स्वतःच्या हातांनी तिच्या हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. "चुड्याला पौष आड येत नाही."

पौषाचा विषय नेवाशात आणखी एका ठिकाणी निघाला, आणि तिथं आजींना गप्प व्हावं लागलं.

नेवासा गावात मोहिनीराजाचं दगडी मंदिर आहे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते १७७३ मध्ये बांधलं. समुद्रमंथनानंतर अमृत वाटण्यासाठी विष्णूनं मोहिनीचं रूप घेतलं ते इथं, अशी क्षेत्राची कथा. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचं शिर तुटून पडलं ती राहुरी, आणि काया पडली ते कायगाव. दोन्ही गावं आजूबाजूलाच आहेत, त्यामुळं ही कथा सांगणारा माणूस हातानं दिशा दाखवत सांगतो. देव पुरुष की स्त्री, या प्रश्नाला नेवाशानं फार पूर्वीच उत्तर दिलंय. ग्रामदैवत नावानं राजा आहे आणि रूपानं मोहिनी. पोटात मुलगा की मुलगी हे ओळखायला पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून ठेवणाऱ्यांनी इथं येऊन ही मूर्ती बघावी. वाट्यांचा खेळ खेळच राहिला असता तर काही बिघडलं नसतं. तो यंत्रांपर्यंत गेला. गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८९४ वर घसरली. वाट्या न मांडण्याचा आजींचा निर्णय पौषामुळं असेल, पण तो सगळ्यांना आवडला.

मोहिनीचंच रूप मानलेली म्हाळसा नेवाशाची. तिमशेट नावाच्या लिंगायत वाण्याच्या घरी ती वाढली आणि खंडोबाशी तिचं लग्न सातारा जिल्ह्यात पालीला झालं, अशी परंपरा आहे. गोव्यात म्हार्दोळला जी म्हाळसा नारायणी आहे, तिचंही मूळ लोक नेवाशाशी जोडतात. म्हणजे जेजुरीच्या घराण्याची ही सून, आणि नेवासा तिचं माहेर. मळ्यातल्या मैत्रिणीनं मंदिराच्या पायऱ्या उतरताना सहज विचारलं, "आणि आई, म्हाळसेचं लग्न कधी लागलं?"

आजी थबकल्या. पालीची यात्रा त्यांनी दोनदा केलेली. खंडोबा-म्हाळसेचं लग्न दर वर्षी लागतं ते पौष पौर्णिमेला.

"देवांचं वेगळं," त्या म्हणाल्या. पण दुपारपर्यंत त्यांनी झोपाळ्याच्या कड्यांना तेल दिलं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तिला माहेर असं आता उरलं नव्हतं. आई तीन वर्षांपूर्वी गेली, घर विकलं गेलं. त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. या सहलीचा बेत मैत्रिणींनी आखला त्याचं कारण हेच होतं, आणि तो नेवाशात आखला गेला हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

गावाबाहेर ज्ञानेश्वर मंदिर आहे. मंदिर अलीकडचं, बन्सी महाराज तांबे यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. पण त्याच्या गाभाऱ्यात देवाच्या जागी एक जुना दगडी खांब आहे. ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून भावार्थदीपिका, म्हणजे ज्ञानेश्वरी, सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, अशी श्रद्धा. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. परंपरेनं जन्मसाल १२७५ धरलं तर सांगणाऱ्याचं वय पंधरा. नऊ हजारांवर ओव्या. खांबावर त्याहून वेगळाच एक संस्कृत लेख कोरलेला आहे. एका देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. देऊळ गेलं, दिवा गेला, तेलाची सोय सांगणारा दगड राहिला. त्या दगडाला टेकून एका मुलानं मराठीला दिवा लावला, असं वारकरी मानतात आणि आषाढ वद्य एकादशीला इथं लाखांनी जमतात.

दुर्गा भागवतांनी या खांबावर लेख लिहिला. त्याचं नाव 'पैस', आणि त्याच नावाच्या त्यांच्या पुस्तकाला १९७१ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पैस म्हणजे ऐसपैस जागा, मोकळा विस्तार. हा शब्द आता बोलण्यात कमी येतो. आजींच्या बोलण्यात मात्र होता. गाडीत मागं तिघी दाटीनं बसल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हिला जरा पैस बसू द्या गं, दोन जिवांची हाय." खांबासमोर उभं राहून तिनं तेच वाक्य नवऱ्याला पुन्हा ऐकवलं. गेले सहा महिने त्या दोघांचं चाललंय काय, तर जागा करणं. दोन खोल्यांच्या घरात पाळणा कुठं मावेल याची मापं घेणं, रजेचा हिशेब, रात्रीच्या झोपेचा हिशेब, आणि फासळ्यांखाली सरकत जाणारे तिचे श्वास.

ज्ञानेश्वरीत आईच्या प्रतिमा किती येतात, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. पिलांना नुसत्या नजरेनं पोसणारी कासवी तर मराठी घराघरांत पोचली आहे. ज्याचे स्वतःचे आईवडील बालपणीच सुटले, त्या पंधरा वर्षांच्या मुलाला आईपणाचं हे इतकं बारीक कुठून दिसलं असेल? ती खांबापाशी बराच वेळ बसली. बाहेर दोन पोरं तिळगूळ वाटत होती. त्यांनी तिच्या हातावर हलवा ठेवला, मग थोडं थांबून आणखी दोन दाणे, वेगळे.

लाडमोडचं टेकाड बघायचा हट्ट डेक्कन कॉलेजच्या मित्राचा. दिसायला प्रवरेकाठचा एक उंचवटा, बाभळी आणि शेरडं. पण ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी १९५४ ते १९५६ मध्ये इथं उत्खनन केलं आणि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाची लांबी एकदम वाढली. १९६० मध्ये त्याचा जाडजूड अहवाल निघाला. नदीच्या गाळगोट्यांत अश्मयुगातली दगडी हत्यारं, त्यांतल्या एका परंपरेला तर या गावावरून 'नेवासियन' असं नाव पडलं. टेकाडात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं. तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी, जिला संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचं नाव मिळालं. त्यावर सातवाहन काळ आणि रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा, आणि सगळ्यात वर सुलतानी आणि मराठा काळ.

मित्र हात हलवत सांगत होता, आणि घरांच्या जमिनींपर्यंत आल्यावर अचानक थांबला. "पुढचं राहू दे," तो म्हणाला.

"का? सांग की."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. मग सांगितलं. त्या घरांच्या जमिनींखाली लहान मुलांची दफनं सापडली. पुष्कळ सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आणि त्यांत लेकरू. गावाबाहेर नाही, जिथं माणसं झोपत, स्वयंपाक करत, तिथंच पायाखाली. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या सहवासानं मण्यांतल्या दोऱ्याचे धागे टिकले, आणि ते तपासल्यावर त्यांत रेशीम आणि कापूस निघाला. भारतातल्या कापडाच्या इतिहासात त्या दोऱ्याला मोठी जागा आहे. "पण मला दर वेळी वाटतं," तो म्हणाला, "तो दोरा आधी कुणीतरी ओवला होता."

कुणी बोललं नाही. शेरडं राखणारा मुलगा लांबून बघत होता. मग तिनंच विचारलं, "घरात का ठेवायचे?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. काही जणांना ती दोन मडकी आईच्या पोटासारखी वाटतात."

ती घाबरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती घाबरली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की, त्यांनी लेकराला लांब टाकलं नाही. साडेतीन हजार वर्षं आणि वडाळ्याच्या दवाखान्यातून निघालेल्या दोन डॉक्टरांचं आयुष्य, यांच्या मधलं अंतर तिला त्या टेकाडावर एकदम कळलं. महाराष्ट्रात २०२० मध्ये अर्भकमृत्यूचं प्रमाण हजारी १६ होतं. तिनं नवऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत तपासण्यांची फाइल आहे ना, हे चाचपून पाहिलं.

दुपारनंतर हुरडा. मळ्याच्या बांधावर आगटी पेटवली होती. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचे निखारे, आणि त्यात अर्धकच्ची शाळूची कणसं खुपसलेली. भाजली की काढायची, गरम गरम तळहातांत चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. हिरवे, दुधाळ, किंचित गोड दाणे. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, घरचं दही. आजी चोळायला बसल्या आणि कुणाला हात लावू देईनात. शहरातल्या मऊ हातांत दाणे फुटतात, असं त्यांचं मत. कुणाचा हात रिकामा राहिला नाही.

शेजारच्या फडात तोड चालू होती. कोयत्यांचा आवाज सारखा येत होता. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असंच तिथं मोजतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने टनावर फेडायची. खाडा झाला की पैसे कापले जातात. तिळगूळ द्यायला मैत्रिणी फडाच्या कडेला गेल्या तेव्हा मोळी बांधणारी एक बाई वाकलेली उठली. चंद्रकळेतल्या पाहुणीकडं बघून हसली.

"कितवा?"

"सहावा. तुम्हाला?"

"आठवा."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला नोकरीत सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, २०१७ च्या दुरुस्तीनं मिळालेली. दुसरीला मोळी. उसाच्या फडात, कोपीत, कधी रस्त्यात बाळंत होणाऱ्या बायांच्या बातम्या दर हंगामात येतात, आणि हंगाम संपला की विसरल्या जातात. त्या बाईनं तिळगूळ पदराला बांधला. मैत्रिणीनं तिथूनच गावच्या आशाताईंना फोन लावला, कोपी कुठं आहे ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीची तपासणी ठरवूनच फोन ठेवला. मुकादमाशी बोलायला मैत्रिणीचा नवरा गेला. परत येईपर्यंत त्याचा चेहरा लाल झालेला, पण त्या दिवसाचा खाडा धरला जाणार नव्हता. संध्याकाळी आजींनी लेकुरवाळ्या भाजीचं पातेलं झाकून कोपीवर पाठवलं.

संक्रांतीचं वाण काय लुटायचं, यावर मैत्रिणींनी महिनाभर विचार केला होता. प्लॅस्टिकचे डबे नकोत, स्टीलच्या वाट्या सगळ्यांकडे आहेत. शेवटी प्रत्येकीनं एक जुनी सुती साडी आणली. धुऊन धुऊन मऊ झालेली, अंगाला सवय झालेली. आजींनी आपलं एक लुगडं काढलं, नऊवारी, विटकं निळं. आणि चंद्रकळेतलीनं पिशवीच्या तळातून एक पिवळी साडी बाहेर काढली. आईची. तिचं काय करायचं हे तिला तीन वर्षं सुचलं नव्हतं.

पडवीत सतरंजी पसरून चार बायका आणि दोन पुरुष दुपटं शिवायला बसले. नवजात बाळाला पहिलं पांघरूण जुन्या कापडाचं घालतात, कारण नवं कापड खरखरतं. लुगडं खाली, साड्यांच्या घड्या मधे, आणि पिवळी साडी वर, बाळाच्या अंगाकडच्या बाजूला. आजींनी धावदोरा कसा घालायचा ते दाखवलं. कडेनं आत, चौकोनात चौकोन. डेक्कन कॉलेजच्या मित्राचे टाके सगळ्यात सरळ आले. तो सुईत दोरा ओवताना एकदा थांबला, आणि ती त्याच्याकडे बघून नुसती मान हलवून पुन्हा टाका घालू लागली. झोपाळा आढ्याला होताच. दमल्यावर ती त्यावर बसली, आणि आजींनी लांबून म्हटलं, "पौषात झोपाळ्यावर बसलं तर चालतं. झुलवायचं नाही." थोड्या वेळानं त्यांनीच पायानं हलका झोका दिला.

दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी प्रवासाला निघू नये, असा आजींचा आग्रह. रजा संपत होत्या, तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी ठेवून घेतलंच. ऊन उतरल्यावर सगळे प्रवरासंगमला जाऊन आले. रतनगडाच्या डोंगरात उगवलेली प्रवरा इथं गोदावरीला मिळते. काठावर टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर, आणि पाणी मात्र नदीचं कमी, पैठणच्या जायकवाडी धरणाच्या फुगवट्याचं जास्त. लांब, पसरट, हलणं जवळजवळ न दिसणारं. बगळ्यांची एक रांग त्यावरून घराकडे गेली.

निघताना आजींनी एक सुगड तिच्या मांडीवर ठेवलं, धान्यानं भरून, वर फडकं बांधून. रथसप्तमीपर्यंत हलवायचं नाही, अशी ताकीद. दुपटं अर्धंच शिवून झालं होतं. ते मळ्यातच राहिलं, आजी माघात पुरं करणार होत्या.

"बाळ कधीचं म्हणतात डॉक्टर?" त्यांनी गाडीच्या खिडकीत वाकून विचारलं.

"मेच्या पहिल्या आठवड्यात."

आजींनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "म्हणजे पुढच्या संक्रांतीला आठ महिन्यांचं. बसतं होईल. बोरन्हाण इथंच करायचं, सांगून ठेवते. बोरं विहिरीवर हायेत, बाजारची नकोत." आणि त्यांनी ओंजळभर बोरं खिडकीतून आत दिली, पानांसकट.

नेवासा फाट्याला गाडी नगरच्या बाजूला वळली. तिनं पट्टा पोटाच्या खालून नीट घेतला, सुगड दोन्ही पायांच्या मधे घट्ट धरलं आणि एक बोर तोंडात टाकलं. चांगलंच आंबट होतं. तिनं दुसरं घेतलं, मग तिसरं.

"मला दे की एक," नवरा म्हणाला.

तिनं ओंजळ मिटून घेतली.